हाताखालची माणसं

त्या माणसाला साहेब करायची कल्पना माझी होती. शेठना वाटतं ती सल्लागारांची, आणि सल्लागारांना बहुतेक वाटत असेल शेठची. दोघांचाही गैरसमज मी दूर केला नाही.

पलूस तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून थोडं आत, शेठच्या मालकीचं बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथे मी बारा वर्षं मॅनेजर होतो. मी मूळचा रहिमतपूरकडचा, पण नोकरीमुळे सांगलीत घर केलं होतं. कोल्ड स्टोरेज म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला बिनखिडक्यांचं मोठं गोदाम वाटतं. आत थंड खोल्या असतात, त्यांना आम्ही चेंबर म्हणायचो, आणि चेंबरमध्ये छतापर्यंत बेदाण्याचे बॉक्स. पण सगळं चालतं ते मागच्या मशीनरूमवर. तिथे अमोनियाचे कॉम्प्रेसर असतात. दर तासाला काट्यांवरचे आकडे बघायचे, लॉगबुकात लिहायचे, पुढे सही करायची, हे ऑपरेटरचं काम. कॉम्प्रेसर बंद पडला आणि दोन-चार तास कोणाच्या लक्षात आलं नाही, तर आतल्या मालाचा रंग उतरतो आणि शेतकरी गेटवर येऊन उभे राहतात.

आमचा ऑपरेटर फौजेतून आलेला होता. शिराळा तालुक्यातला, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. फौजेत त्याने जनरेटर आणि शीतयंत्रं सांभाळली होती. त्याला सगळे हवालदारच म्हणायचे, मीही. वयाने ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. लॉगबुकात वेळ लिहायची त्यांची पद्धत फौजेतली होती, सकाळचे पाच म्हणजे शून्य पाच शून्य शून्य. अक्षर असं की पानं चाळताना छापल्यासारखी वाटावीत.

एकदा चहा घेताना त्यांनी मला सांगितलं होतं की नायब सुभेदाराची बढती त्यांना थोडक्यात हुकली. फौजेत त्या पायरीपासून माणसाला साहेब म्हणतात. "माझ्या मागनं भरती झालेलं पोरगं साब झालं," ते हसत म्हणाले, "आन् मी त्येला सलाम ठोकून घरला आलो." त्या हसण्याकडे मी नीट पाहिलं होतं. ते मला पुढे उपयोगी पडलं, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

आमच्याकडे दोन ऑपरेटर होते. एका वर्षी गणपतीच्या आधी दुसरा सोडून गेला, आणि शेठनी त्याच्या जागी कोणाला घेऊ दिलं नाही. एक पहारेकरी रात्री मशीनरूमबाहेर बसायचा आणि काही आवाज बदलला तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या हवालदारांना उठवायचा. हजेरीच्या कार्डावर त्यांचे तास चौदा-पंधरा दिसू लागले. कामगार कायद्याची कागदपत्रं बघणारे आमचे सल्लागार सांगलीहून आले, कार्ड पाहून म्हणाले, "हे असं ठेवू नका. कामगाराचे तास नऊच्या वर गेले की दुप्पट दराने ओव्हरटाईम. शिवाय आठवड्याची सुट्टी."

"आणि तो कामगार नसला तर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"ऑफिसर केला तर?"

सल्लागारांनी चष्मा काढला. "काम ऑफिसरचं असलं तर ओव्हरटाईम लागू नाही. हाताखाली माणसं पाहिजेत, रजा मंजूर करायचा अधिकार पाहिजे. नुसतं नाव बदलून भागत नाही." मग चष्मा परत घालत म्हणाले, "पण विचारणार कोण?"

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करायचो. कॉम्प्रेसरला हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, पुढे पान्हे आणि नारळ. त्या वर्षी पूजेनंतर शेठनी हवालदारांना शाल आणि नारळ दिला आणि मी तयार केलेलं पत्र दिलं. प्लँट ऑफिसर. पगारात थोडी वाढ. मी आदल्या दिवशी गावाकडून येताना मुद्दाम साताऱ्याहून कंदी पेढे आणले होते. हवालदारांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं, टाचा जुळवल्या आणि तिथेच उभ्याने पूर्ण वाचलं.

"साहेब," त्यांनी मला विचारलं, "ड्युटी किती तासांची?"

"ऑफिसरला तास नसतात," मी म्हणालो.

ते खूश झाले. "फौजेत बी हेच. साबलोकांस्नी घड्याळ नसतं."

हमालांचा मुकादम मागून ओरडला, "आता हवालदार म्हनायचं न्हाई रं कुनी! साहेब म्हना! न्हाईतर चेंबरात कोंडतील!" सगळे हसले, हवालदारही हसले, आणि त्या दिवसापासून हमाल त्यांना खरोखर साहेब म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी मी गेटवरच्या खणातून त्यांचं हजेरीचं कार्ड काढून घेतलं. ऑफिसरला कार्ड नसतं.

त्यांच्या गावात चौकात फ्लेक्स लागला. वर गणपती, मध्ये गणवेशातला त्यांचा जुना फोटो, खाली 'प्लँट ऑफिसरपदी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि शुभेच्छुकांचे तीसेक चेहरे. मला सत्काराला बोलावलं होतं. फेटा बांधून मी भाषण केलं, निष्ठा आणि शिस्त यांवर. नंतर त्यांच्या घरी चहाला गेलो. त्यांची एकच मुलगी. पोलीस भरतीची तयारी करत होती, एक प्रयत्न वाया गेला होता. तिने चहाचा कप माझ्या हातात देत विचारलं, "सर, म्हणजे आता आबांना सुट्टी कधी असणार?"

"आता ते ऑफिसर आहेत," मी म्हणालो. "स्वतःची सुट्टी स्वतःच ठरवतील."

त्यांनी पुढच्या चार महिन्यांत स्वतःची सुट्टी चार वेळा ठरवली. बाकीचे दिवस पहाटे पाचचं पहिलं रीडिंग त्यांचं, रात्री नऊचं शेवटचं त्यांचं. मध्ये चेंबरचे दरवाजे, पंप, तेल, गळती, सगळं तेच. हाताखाली कोणी नव्हतं. हमाल होते, पण ते मुकादमाचे. त्यांना कामावर घेणं, पाठवणं, मजुरी देणं, सगळं मुकादम करायचा. हवालदारांनी एखाद्या हमालाला पान्हा धरायला सांगितलं तर तोही आधी मुकादमाकडे बघायचा.

मीही तेव्हा सकाळी आठला येऊन रात्री आठला जात होतो. मलाही कार्ड नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मला ते सोसत होतं, म्हणून त्यांनाही सोसेल असं मी धरलं, एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी हवालदार माझ्या केबिनमध्ये अर्ज घेऊन आले. विषय होता, पूर्वीच्या पदावर घेणेबाबत. खाली चारच ओळी. मला पुन्हा ऑपरेटर म्हणून घ्यावे, आठ तासांची शिफ्ट आणि आठवड्याची सुट्टी मिळावी, पदनाम गेल्यास माझी तक्रार राहणार नाही. ती शेवटची ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

"का हो?" मी विचारलं.

"पोरीच्या पोलीस भरतीचं ग्राउंड जूनमदी लागतंय. वयाचा हिशेब केला तर ही तिची शेवटची येळ. लेखीला ती हुशार हाय, पळण्यात मार खाती. पलूसला तिच्या आत्याकडं येऊन राहती म्हणली. सकाळी पाच ते सात तिला कॉलेजच्या ग्राउंडवर पळवतो, आठला हितं हजर."

"एखाद्या अकॅडमीला घाला की."

"आवं, अकॅडमीवालं शंभर पोरी एकदम पळवत्यात. हिची चूक पहिल्या दोनशे मीटरात हाय. वाऱ्यागत सुटती आन् आठशेच्या शेवटाला पाय गळत्यात. तिच्या शेजारनं पळाया लागतं, धरून ठेवाया लागतं. ते बापच करंल. बाहेरचा कशाला करंल?"

पन्नाशीला आलेला माणूस मुलीच्या शेजारून पळणार होता. मी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणालो, वर पाठवतो.

वर म्हणजे शेठकडे. तो अर्ज शेठकडे नेला असता तर दुसरा ऑपरेटर घ्यावा लागला असता, आणि मार्चपासून बेदाण्याची आवक सुरू होते. गेटवर गाड्यांची रांग लागलेली असते. अशा वेळी नवीन माणूस मागणं म्हणजे शेठच्या तोंडाचा पट्टा ऐकून घेणं. मला तो ऐकायचा नव्हता. मी अर्ज टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. दोन-तीन दिवसांनी बघू असं मनात होतं. त्या दोन-तीन दिवसांचे सात आठवडे झाले.

हवालदार दर सोमवारी विचारायचे. एकच वाक्य, दारातून.

"काय झालं, साहेब?"

"वर आहे."

"बरं."

त्यांनी कधी आवाज चढवला नाही. फौजेत अर्ज वर गेला की वाट बघायची असते, अशी त्यांची पक्की समजूत होती. मधल्या काळात मुलगी पलूसला आली. सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर एकटीच पळत होती.

एप्रिलमध्ये शेठ एकदा मशीनरूम बघायला आले. हवालदारांनी सलाम केला आणि सरळ विचारलं, "शेठ, माझ्या अर्जाचं काय ठरलं?"

"कसला अर्ज?" शेठ म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

"कागदपत्रांत राहिला असेल," मी म्हणालो. "शोधतो."

हवालदारांनी स्वतःच तोंडी सांगितलं. शेठ ऐकून हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्याच गोष्टी हंगामानंतर करायच्या असायच्या. "अहो, ऑफिसर झाल्यावर परत ऑपरेटर? तुमच्या गावात काय म्हणतील लोक? फ्लेक्स लावलाय त्यांनी. सीझन होऊ द्या, मग बघू."

शेठ गेल्यावर हवालदार काट्यांकडे बघत म्हणाले, "खालीच हुता व्हय अर्ज?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि अकराचं रीडिंग घेतलं.

त्यानंतर त्यांनी सोमवारी विचारणं थांबवलं. त्याऐवजी मुलगीच रोज पहाटे कोल्ड स्टोरेजच्या आवारात येऊ लागली. चेंबरपासून वजनकाट्यापर्यंत काँक्रीटचा रस्ता आहे, शंभर मीटरही नसेल. हवालदार मशीनरूमच्या दारात शिट्टी घेऊन उभे राहायचे. ती जायची, वळायची, यायची, पुन्हा वळायची. आठशे मीटरला आठ-नऊ वळणं. शेजारून पळणं त्यांना जमत नव्हतं, कारण मशीन नजरेआड करता येत नव्हतं. ते दारातूनच ओरडायचे, "दम धर! दम धर! आत्ताच सगळं उधळू नगंस!" रात्रीपासून रांगेत असलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर दात घासत बघायचे. मुकादम हात आडवा करून गाड्या थांबवायचा. "ए, मागं घे रं गाडी! ऑलिंपिक चाललंय हितं, दिसत न्हाई?" मुलगीसुद्धा हसायची.

मेमध्ये तिच्या नडग्या दुखायला लागल्या. काँक्रीटवर पळून आणि वळणावर पाय मारून तसं होतं, असं तिने मला सांगितलं. ती वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसून पायाला बर्फ लावत होती. बर्फ आमच्याकडे भरपूर.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "आबांच्या हाताखाली कोण काम करतं?"

"का?"

"क्लासमध्ये एकीची मावशी कामगार कार्यालयात आहे. तिनं सांगितलं, नावाला काय लिहिलंय ते बघत नाहीत, काम काय करतात ते बघतात. आबांच्या हाताखाली कोणी नसेल तर ते ऑफिसरच नाहीत. मग आठ तास आणि सुट्टी द्यावीच लागते."

"तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या," मी म्हणालो.

आठवड्यात सांगलीच्या कामगार कार्यालयातून पत्र आलं. तक्रार मुलीने लिहिली होती, खाली हवालदारांची सही. नंतर कळलं, तिने त्यांना सुट्टीचा अर्ज म्हणून सांगितलं होतं, आणि सुट्टी मागण्यात कमीपणा नाही म्हणून त्यांनी सही केली होती. शेठनी मला पाठवलं. "तुम्हीच निस्तरा," एवढंच म्हणाले.

मुलीच्या ग्राउंडला तीन आठवडे होते. त्या दिवशी कामगार कार्यालयातल्या मॅडमनी नुसतं तोंडी बजावलं असतं तरी शेठनी दुसऱ्या दिवशी बदली ऑपरेटर आणला असता. सरकारी कागदाला ते फार घाबरायचे. तीन आठवडे का होईना, बापाला मातीच्या ग्राउंडवर मुलीच्या शेजारून पळता आलं असतं. हे मला कार्यालयाच्या पायऱ्या चढताना माहीत होतं.

अधिकारी बाई चाळिशीतल्या होत्या, शांत. त्यांच्यापुढे लॉगबुक उघडं होतं. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या.

"ह्या सगळ्या सह्या तुमच्याच?"

"जी."

"पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, दर तासाला? रोज?"

"जी, मॅडम. सुट्टीचे दिस सोडलं तर एक बी रीडिंग चुकलेलं न्हाई."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग मला सांगा, तुम्ही तिथे अधिकारी आहात की कामगार?"

हवालदार खुर्चीवरून उठून उभे राहिले. मुलगी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. खोलीत आणखी दोन कारकून होते, आणि पुढच्या तारखेसाठी आलेले चारपाच लोक.

"प्लँट ऑफिसर," हवालदार म्हणाले.

"आबा," मुलगी हळूच म्हणाली, "खरं सांगा."

"खरंच सांगतोय. पत्र हाय. माजी सही हाय त्येच्यावर."

"सहीचं सोडा," बाई म्हणाल्या. "तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?"

खोटं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि खरं त्या खोलीत बोलवत नव्हतं. शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मॅनेजर ना? तुम्ही सांगा. यांच्या हाताखाली कोण असतं?"

मी म्हणालो, "सीझनमध्ये चाळीस हमाल असतात."

यातला एकही शब्द खोटा नाही. सीझनमध्ये चाळीस हमाल असतात. ते कोणाच्या हाताखाली असतात, हे मी सांगितलं नाही, आणि बाईंनी ते गृहीत धरलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, पर्यवेक्षकाचं काम असेल तर या तक्रारीत मला फारसं काही करता येणार नाही, सुट्टीबद्दल तुम्ही आपसांत बघा. आम्ही बाहेर आलो.

व्हरांड्यात हवालदारांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे ओले होते. "तुमी इज्जत राखली, साहेब. मला वाटलं, आता तुमी म्हणताय, ह्यो कसला ऑफिसर, ह्यो निस्ता ऑपरेटर."

मुलगी दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती मुकादमाला ओळखत होती, हमालांना ओळखत होती, कोण कोणाचं ऐकतं हे तिने महिनाभर रोज पहाटे पाहिलं होतं.

"चला, आबा," ती म्हणाली. "पाचचं रीडिंग चुकंल."

जूनमध्ये तिचं ग्राउंड झालं. त्या एका दिवसाची सुट्टी मी हवालदारांना दिली. पाऊस झालेला होता, मैदान जड होतं. दुसऱ्या दिवशी मी मशीनरूममध्ये गेलो तेव्हा ते लॉगबुकात लिहीत होते.

"दोन मार्कांनी," वर न बघता ते म्हणाले. "पहिल्या फेरीला पुढं हुती. मग नडगी धरली."

"पुढच्या वेळी..."

"पुढची येळ न्हाई, साहेब. वय झालं तिचं."

कॉम्प्रेसरच्या आवाजात तिथे फार बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी सोयीचं वाटलं.

त्या दिवाळीला हवालदारांनी नोकरी सोडली आणि गावी गेले. पुढच्या वर्षी मीही बाहेर पडलो. तत्त्वासाठी नाही. शेठचा पुतण्या शिकून आला आणि त्याला माझी खुर्ची पाहिजे होती. मला साताऱ्यात एका लहान कार्यालयात काम मिळालं, घरही तिकडेच हलवलं. तिथे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सहा वाजले की सगळे डबे उचलून निघतात, साहेबसुद्धा. पहिले काही दिवस मी सव्वासहापर्यंत उगाच बसून राहायचो. मग शिपाई येऊन म्हणायचा, "साहेब, कुलूप लावायचंय." घरी पोचायचो तेव्हा उजेड असायचा. बायको म्हणायची, बरं नाही का? उजेडात घरी येऊन करायचं काय, हे मला माहीत नव्हतं. अशा संध्याकाळी मी दोन-तीनदा बसून एक जबाब लिहिला. काय घडलं ते, क्रमाने. पदाची कल्पना माझी, कार्ड मी काढलं, अर्ज मी खणात ठेवला, हमाल मुकादमाचे होते, प्लँट ऑफिसरच्या हाताखाली कोणीही नव्हतं. खाली सही.

शिराळ्याची नागपंचमी होऊन तिथली गर्दी ओसरल्यावर मी तो घेऊन त्यांच्या गावी गेलो. दारावर पितळी पाटी होती. वर नाव, खाली 'मा. हवालदार, भारतीय सेना', त्याखाली 'मा. प्लँट ऑफिसर'. मुलगी आता शिराळ्यातल्या एका भरती अकॅडमीत मुलींना पळण्याचं शिकवते, नुकतीच घरी आली होती. मी हवालदारांच्या हातात कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो खालपर्यंत वाचला, होता तसा घडी करून मला परत दिला.

"ह्ये कुनाला दावू नका," ते म्हणाले.

"आबा, बघू," मुलगी म्हणाली आणि माझ्या हातातून तो घेतला. तिने उभ्याने वाचला. शेवटच्या ओळीवर तिची नजर दोनदा गेली असं मला वाटलं. मला तिने काहीच म्हटलं नाही, हे मी लिहून ठेवतो, कारण काहीतरी म्हणेल यासाठी मी तयार होऊन गेलो होतो.

"दाव्याची मुदत संपली का?" तिने विचारलं.

"ओव्हरटाईमचा दावा अजूनही करता येतो. उशिराचं कारण द्यावं लागतं, ते पटलं तर घेतात," मी म्हणालो.

"कारण काय लिहायचं?"

हवालदार उठून आत चालले होते. दारातच थांबून, पाठ आमच्याकडे तशीच ठेवून म्हणाले, "लिव, बा साहेब हुता म्हणून."

मुलगी हसली. मग हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. मी अंगणाकडे बघत राहिलो. आत चुलीजवळ हवालदार बायकोला सांगत होते की साहेब आलेत, जेवूनच जातील.

दावा तिने भरला. सही त्यांनी केली, या वेळी वाचून. पैशासाठी नाही, असं ती मला फोनवर म्हणाली. मग म्हणाली, पैशासाठीसुद्धा.

मागच्या महिन्यात सांगलीला माझी साक्ष झाली. अधिकारी नवीन होते. हवालदार आत आले नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसून राहिले. हजर राहणं जरुरीचं आहे का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मुलीने नाही म्हणून सांगितलं होतं. आत अधिकाऱ्यांनी माझा जबाब वाचून घेतला आणि तेच विचारलं, यांच्या हाताखाली कोण काम करायचं?

"कोणी नाही," मी म्हणालो.

"हमाल?"

"ते मुकादमाचे. यांचा त्यांच्यावर काही अधिकार नव्हता."

"म्हणजे हे स्वतःच मशीन चालवायचे?"

"हो. ऑपरेटर होते."

कारकुनाने ते टाइप केलं. ऑपरेटर या शब्दाशी तो एकदा अडखळला, खोडून पुन्हा लिहिला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. दोन वर्षांपूर्वीही तेवढीच लागली असती.

आम्ही बाहेर आलो. हवालदार उठले. त्यांनी आधी मुलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काय इचारलं?"

"काही नाही, आबा," मुलगी म्हणाली. "तारीख पडली."

"तुमास्नी काय इचारलं, साहेब?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. बापाला ते आज ना उद्या निकालाच्या कागदावर वाचायचंच होतं. पण त्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर, ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, आणि तिलाही ते त्यांना ऐकवायचं नव्हतं.

"तारीखच पडली," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं. फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला समोरचा काय लपवतोय हे कळत नसेल, असं मला वाटत नाही.

"सरकारी काम," ते म्हणाले. "चला, च्या घिऊ."

कार्यालयासमोरच्या टपरीवर आम्ही तिघांनी चहा घेतला. टपरीवाला त्यांना साहेब म्हणाला, तो सगळ्यांनाच म्हणतो. त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. कप खाली ठेवून त्यांनी मुलीला विचारलं, तिच्या अकॅडमीतल्या पोरींचं ग्राउंड कधी लागतंय, आणि सकाळी कितीला सुरू करता.

"पाचला," ती म्हणाली.

"येऊ का मी?"

"या की. पण तुम्ही शेजारून पळायचं नाही आता. कडेला उभं राहायचं."

"बघू," हवालदार म्हणाले.